बजेट मोबाईलचा ब्रँड बदलताना नेमकं काय बदलतं?

बारा ते वीस हजारांच्या मोबाईलबद्दल घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "आता या कंपनीचा परत घ्यायचा नाही." कुणाचा फोन दोन वर्षांतच हँग व्हायला लागलेला असतो, कुणाची बॅटरी दुपारीच मान टाकते, कुणाला लॉक स्क्रीनवरच्या जाहिरातींचा वीट आलेला असतो. ही चीड खरी असते आणि तिच्यामागे कष्टाचे पैसे असतात. म्हणूनच ती योग्य ठिकाणी वळली पाहिजे. मोबाईलच्या पाठीवरचं नाव बदललं की फोनमधल्या काही गोष्टी खरंच बदलतात आणि बऱ्याच जशाच्या तशा राहतात. कुठल्या बदलतात आणि कुठल्या राहतात हे एकदा कळलं, की दुकानातल्या निम्म्या पोस्टरकडे बघायची गरज उरत नाही.

नावं पुष्कळ, घराणी थोडी

रेडमी आणि पोको ही दोन्ही नावं शाओमीच्या घरातली. रिअलमी २०१८ मध्ये ओप्पोच्या घरातून निघाली; वनप्लसही त्याच गोतावळ्यातली. व्हिवो आणि आयक्यू सख्खी भावंडं. इन्फिनिक्स, टेक्नो आणि आयटेल या तिन्हींची मालक ट्रान्शन नावाची एकच कंपनी. मोटोरोला २०१४ पासून लेनोवोकडे आहे. त्यामुळे रेडमीवर रागावून पोको घेतला, तर बरेचदा घर तेच असतं, खोली फक्त बदलते. रेडमी १३सी ५जी आणि पोको एम६ ५जी हे दोन फोन शेजारी ठेवून पाहिले तर आतला जवळपास सगळा माल एकच निघतो. सॅमसंगच्या एकाच घरात गॅलेक्सी एफ१५ आणि एम१५ अशीच जुळी आहेत: एक एका वेबसाइटवर विकायला, दुसरा दुसऱ्या.

आता घराणंही बदललं असं धरू. तरी प्रोसेसरचं, म्हणजे फोनचा वेग ठरवणाऱ्या मुख्य चिपचं काय? बजेट फोनांत बहुतेक कंपन्या प्रोसेसर स्वतः बनवत नाहीत. त्या मीडियाटेक, क्वालकॉम किंवा युनिसॉककडून विकत घेतात. मीडियाटेकचा डायमेन्सिटी ६३०० हा प्रोसेसर भारतात विकल्या गेलेल्या सॅमसंग गॅलेक्सी ए१६ ५जी मध्ये आहे, व्हिवो टी३ लाइट ५जी मध्ये आहे आणि ओप्पो के१२एक्स ५जी मध्येही आहे. तीन घराणी, पण वेगाचा पाया एकच.

याच्याही पुढची गोष्ट फार कमी ग्राहकांपर्यंत पोचते. मीडियाटेकने नोव्हेंबर २०२० मध्ये डायमेन्सिटी ७०० जाहीर केला. त्यात कॉर्टेक्स-ए७६ जातीचे दोन दणकट कोर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) होते, २.२ गिगाहर्ट्झचे, आणि हलक्या कामांसाठी ए५५ जातीचे सहा छोटे कोर. त्यानंतर ६०२०, ६०८०, ६१००+ अशी नावं येत गेली आणि २०२४ मध्ये ६३०० आला. त्यातही ए७६ जातीचे दोन कोर आणि ए५५ जातीचे सहाच. गती २.४ गिगाहर्ट्झ झाली आणि चिप ७ ऐवजी ६ नॅनोमीटरच्या तंत्राने घडवलेली, एवढाच मोठा फरक. म्हणजे २०२१ मध्ये डायमेन्सिटी ७०० चा फोन घेतलेल्या माणसाने चार वर्षांनी मोठ्या अपेक्षेने ६३०० चा नवा फोन घेतला, तर बॉक्स उघडल्याच्या आठवड्यात जाणवणारा चपळपणा मुख्यतः रिकाम्या स्टोरेजचा आणि ताज्या बॅटरीचा असतो. प्रोसेसरची पायरी त्याने जवळपास चढलेलीच नसते.

खरी पायरी चढायची असेल तर बॉक्सवरच्या 'ऑक्टाकोर' या शब्दाला भुलू नका, कारण आज जवळपास प्रत्येक बजेट फोन आठ कोरचाच असतो. त्यातले मोठे कोर किती आणि कुठल्या जातीचे, हे विचारा. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन ४ जेन २ मध्येही मोठे कोर दोनच आहेत, पण ते ए७६ पेक्षा नव्या ए७८ जातीचे. डायमेन्सिटी ७३०० मध्ये असे चार आहेत, आणि तिथे फरक हाताला जाणवतो. ही माहिती कुठल्याही मोबाईलच्या सविस्तर तपशिलात मिळते आणि ती शोधायला पाच मिनिटं पुरतात.

आधी जुन्या फोनचं दुखणं ओळखा

नवा घेण्याआधी जुन्या फोनची सेटिंग उघडून तीन ठिकाणी बघा. पहिलं, स्टोरेज किती भरलंय. ६४ जीबीच्या फोनमध्ये ६० जीबी भरलेले असतील तर जगातला कुठलाही ब्रँड अडखळेल, कारण फोनला स्वतःच्या कामासाठी रिकामी जागा लागते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडलं की कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते दिसतं. सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ आणि लग्नाच्या ग्रुपमधले एकेक फोटो पाच-पाच वेळा साठलेले सापडतात. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी करून फोन बंद-चालू करून पाहा.

दुसरं, बॅटरी. लिथियमची बॅटरी काही शे वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाली की तिची ताकद घटते. रोज चार्ज करणाऱ्याला तिसऱ्या वर्षात ते जाणवतंच. थकलेल्या बॅटरीवर काही फोन अचानक बंद पडतात, काही मंदावतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नवी बॅटरी टाकायचा खर्च नव्या फोनच्या मानाने फारच थोडा असतो. मात्र पाठ उचललेली दिसली, म्हणजे बॅटरी फुगली असेल, तर त्या फोनचं चार्जिंग त्याच दिवशी थांबवा.

तिसरं, सुरक्षा अपडेटची तारीख. 'अबाउट फोन'मध्ये शेवटचा सिक्युरिटी पॅच कधीचा आहे ते लिहिलेलं असतं. ती तारीख दीड-दोन वर्षं जुनी असेल आणि फोनवर बँकेचे व्यवहार होत असतील, तर मात्र फोन बदलण्याचं कारण पक्कं आहे.

या तिन्ही गोष्टी बघून झाल्यावर दुखणं नेमकं काय ते कळतं, आणि नव्या फोनमध्ये काय शोधायचं हेही. चिडचिड जाहिरातींची असेल तर महागडा प्रोसेसर घेऊन उपयोग नाही. खोळंबा स्टोरेजचा असेल तर ब्रँड बदलून उपयोग नाही.

रॅमचं पोस्टर आणि स्टोरेजची बारीक अक्षरं

माझ्या मते बजेट फोनमधली सगळ्यात दुर्लक्षित ओळ स्टोरेजच्या प्रकाराची. १२८ जीबी आहे एवढंच दुकानदार सांगतो. ते १२८ जीबी ईएमएमसी जातीचं आहे की यूएफएस जातीचं, हे विचारायला हवं. ईएमएमसी हे जुनं तंत्र. एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडणाऱ्या अरुंद पुलासारखं त्याचं काम चालतं: माहिती वाचून तरी होते, नाहीतर लिहून तरी, दोन्ही एकदम होत नाही. यूएफएसमध्ये येण्याजाण्याच्या मार्गिका वेगळ्या असतात. कागदावर ईएमएमसी ५.१ ची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० मेगाबाइट आणि यूएफएस २.२ ची साधारण १,२०० मेगाबाइट. प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमी भरतात, पण अंतर राहतं.

याचा रोजच्या वापरात अर्थ काय? प्ले स्टोअरवरून पाठीमागे ॲप अपडेट होत असतात, व्हॉट्सॲपवर फोटो उतरत असतात, आणि त्याच वेळी तुम्ही पैसे द्यायला यूपीआय ॲप उघडता. ईएमएमसी असेल तर इथेच पांढरी स्क्रीन येते आणि रांगेतली माणसं खोळंबतात. 'फोन हँग होतो' म्हणून येणाऱ्या कितीतरी तक्रारींचं मूळ प्रोसेसरपेक्षा या स्टोरेजमध्ये असतं. दहा हजारांच्या आसपासच्या फोनांत ईएमएमसी अजूनही सर्रास दिसतं. पंधरा हजार मोजताना ते मुळीच स्वीकारू नये, असं माझं ठाम मत आहे.

रॅमबद्दल, म्हणजे उघडी ॲप तात्पुरती धरून ठेवणाऱ्या मेमरीबद्दल, उलटं होतं, तिचा गाजावाजा फार. '१६ जीबी पर्यंत रॅम' असं लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत ८+८. त्यातली खरी रॅम पहिली आठ. दुसरी आठ जीबी तुमच्याच स्टोरेजमधून कापून रॅमसारखी वापरायला दिलेली असते. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू, त्यामुळे तिच्याने काही ॲप मागे उघडी राहतात, इतकाच फायदा. स्टोरेज ईएमएमसीचं आणि भरत आलेलं असेल तर ही सोय सेटिंगमधून बंद केलेली बरी. आजच्या वापराला खरी ६ जीबी रॅम हा माझा किमान हिशोब आहे. ४ जीबीचा फोन फक्त फोन आणि व्हॉट्सॲप वापरणाऱ्या आजी-आजोबांना चालेल. तिथेही दोन वर्षांनी तो कुरकुरतो.

तुमच्या गावात कुठलं ५जी आहे?

बॉक्सवर ५जी लिहिलंय म्हणजे तुमच्या सिमवर ५जी चालेलच, असं नाही. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि दोन मोठ्या कंपन्यांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. जिओने ५जीचं संपूर्ण स्वतंत्र जाळं उभारलं. त्याला एसए (SA) म्हणतात. एअरटेलने आधी असलेल्या ४जीच्या जाळ्याच्या आधाराने ५जी दिलं, ते एनएसए (NSA). बहुतेक फोनांना दोन्ही जमतं. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या रेडमी ए४ ५जी या स्वस्त फोनला फक्त एसए जमत होतं. जिओवर त्याला ५जी मिळायचं, एअरटेलच्या सिमवर तो ४जीवरच राहायचा. फोन बिघडलेला नव्हता, त्याच्या चिपमध्येच ती सोय नव्हती. तेव्हा स्वस्तातलं ५जी घेताना तपशिलात एसए आणि एनएसए ही दोन्ही अक्षरं शोधा.

मग बँड, म्हणजे सिग्नल ज्या फ्रिक्वेन्सीवर येतो तो पट्टा. जिओच्या ५जीचा एक भाग ७०० मेगाहर्ट्झवर चालतो, त्याला एन२८ म्हणतात. कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते आणि भिंतींतून आत शिरते. सह्याद्रीच्या खोऱ्यातल्या वाडीवर किंवा जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात हाच बँड कामी येतो. शहरात भरधाव वेग देणारा बँड एन७८. दोन्ही असावेत. एअरटेलवाल्यांनी एन७८ सोबत एन१, एन३ आणि एन८ दिसतात का ते पाहावं. बीएसएनएलचं सिम असेल तर ४जीच्या यादीत बँड २८ आहे याची खात्री करा, कारण त्यांच्या ४जीचा एक भाग ७०० मेगाहर्ट्झवर आहे.

रेंजच्या बाबतीत तपशिलाच्या कागदापेक्षा शेजारी जास्त खरं सांगतो. तुमच्याच गल्लीत, तुमच्याच कंपनीचं सिम घालून तो फोन वापरणारा कुणी असेल तर त्याच्याकडून घरात बसून एक कॉल लावून बघा.

जे खरंच बदलतं: फोनच्या आतलं वागणं

ब्रँड बदलला की सगळ्यात जास्त बदलतं ते सॉफ्टवेअर. अँड्रॉइड सगळ्यांचं, पण त्यावर प्रत्येक कंपनी आपला थर चढवते: सॅमसंगचा वन यूआय, शाओमीचा हायपर ओएस, ओप्पोचा कलर ओएस, मोटोरोलाचा हॅलो यूआय. लावा ही नोएडाची भारतीय कंपनी बऱ्याच फोनांत जवळपास कोरं अँड्रॉइड देते. वापराच्या सवयी इथेच मोडतात आणि इथेच नव्याने लागतात.

जाहिरातींपासून सुरुवात करू. कमी किमतीच्या फोनवर कंपनीला नफा थोडा, म्हणून आधीच भरलेली ॲप आणि सुचवण्या हा तिच्या कमाईचा भाग असतो. लॉक स्क्रीनवर रोज नवी चित्रं आणि बातम्या दाखवणारी सोयही त्यातलीच. यातलं बरंच बंद करता येतं. फोन पहिल्यांदा चालू करताना पटापट 'ॲग्री' दाबत जाण्याऐवजी वाचत जा. 'सुचवण्या दाखवा', 'वैयक्तिक जाहिराती', 'लॉक स्क्रीन मासिक' अशा ठिकाणची खूण काढा. दुकानदाराला सेटअप करू दिला तर तो सगळ्याला होकार देऊन मोकळा होतो, म्हणून हे काम घरी बसून करा.

दुसरा फरक फार जणांना महिनाभराने कळतो. बॅटरी वाचवण्यासाठी काही कंपन्यांचं सॉफ्टवेअर मागे चालणारी ॲप फार कडकपणे बंद करतं. मग व्हॉट्सॲपचा कॉल वाजत नाही, शाळेच्या ॲपचा निरोप संध्याकाळी येतो, औषधाच्या वेळेची आठवण येतच नाही. माणसाला वाटतं नेट गेलं. असं झालं तर त्या ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीपुढे 'निर्बंध नाही' निवडा आणि 'ऑटोस्टार्ट' चालू करा. घरातल्या वयस्कर माणसाला नवा फोन देताना हे दोन बदल आपल्या हातांनी करून द्या.

तिसरा, कॉल रेकॉर्डिंग. ज्या फोनांत गुगलचं फोन ॲप आहे, तिथे रेकॉर्डिंग सुरू होताच समोरच्याला तशी घोषणा ऐकू जाते. सॅमसंग भारतात स्वतःचं फोन ॲप देतं आणि त्यात ती घोषणा होत नाही. ऑर्डर फोनवर घेणारे छोटे व्यापारी या एका गोष्टीवरून ब्रँड ठरवताना मी पाहिलेत. समोरच्याला सांगून रेकॉर्ड करणं हेच मला योग्य वाटतं, पण नव्या फोनवर ती सोय कशी वागते हे आधी माहीत असलेलं बरं.

आणि अपडेट. यात दोन वेगळी आश्वासनं असतात, दुकानात ती एकच करून सांगतात. एक, अँड्रॉइडच्या किती नव्या आवृत्त्या मिळणार. दुसरं, सुरक्षेचे पॅच किती वर्षं मिळणार. सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ ५जी साठी सहा आवृत्त्या आणि सहा वर्षांचे पॅच जाहीर केले, तेही बजेट फोनला. त्याच किमतीत एक किंवा दोन आवृत्त्यांवर थांबणारे फोनही आहेत. माझ्यासाठी हा फरक कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी मोठा आहे, कारण जुन्या अँड्रॉइडवर बँकांची ॲप एके दिवशी चालेनाशी होतात आणि धडधाकट फोन निकामी ठरतो.

इथे एक हिशोब लक्षात ठेवा. ही वर्षं सहसा फोन बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. दीड वर्षापूर्वी आलेला फोन सवलतीत घेतला तर चार वर्षांच्या आश्वासनातली अडीचच उरतात. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम केला की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायला हवेत. आपल्याकडे असा नियम नाही, म्हणून कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलचं आश्वासन लेखी दिसतं का, हे आपणच बघायचं.

स्क्रीन आणि कॅमेरा, थोडक्यात

६.७ इंची स्क्रीनवर एचडी प्लस म्हणजे एका इंचात सुमारे २६० ठिपके, आणि फुल एचडी प्लस म्हणजे सुमारे ३९०. मराठीच्या जोडाक्षरांत आणि वेलांट्यांत हा फरक दिसतो. पीडीएफ वाचणाऱ्या विद्यार्थ्याने फुल एचडी प्लसच घ्यावं. '१२० हर्ट्झ' (स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा) हे मोठ्या अक्षरांत आणि 'एचडी प्लस' हे बारीक अक्षरांत लिहिलेला फोन दिसला तर बारीक अक्षरं आधी वाचा. उजेडाचा 'पीक' आकडा बरेचदा स्क्रीनच्या लहानशा भागापुरता असतो. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात शेतावर फोन बघायचा असेल तर दुकानाबाहेर रस्त्यावर नेऊन बघा, दुसरी परीक्षा नको.

कॅमेऱ्यात ५० मेगापिक्सेल म्हटलं तरी नेहमीचा फोटो चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा निघतो, आणि ते चांगल्यासाठीच असतं. बाजूच्या जास्तीच्या लेन्सच्या गोलांना भुलू नका. २ मेगापिक्सेलची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स जवळपास निरुपयोगी. काही स्वस्त फोनांत ०.०८ मेगापिक्सेलचीही लेन्स लावून 'दोन कॅमेरे' म्हटलेलं असतं. दुकानाच्या आतल्या उजेडात हलत्या माणसाचा एक फोटो काढा आणि तो मोठा करून पाहा. जास्तीचे पैसे असतील तर हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारं ओआयएस शोधा.

फोल्डर कुठे मिळेल?

दुरुस्तीच्या दुकानात स्क्रीन आणि टच मिळून जो भाग बदलतात त्याला 'फोल्डर' म्हणतात. फोन पडला की हाच जातो. ॲमोलेड स्क्रीन डोळ्यांना सुरेख, पण तिचा फोल्डर साध्या एलसीडीपेक्षा बराच महाग पडतो. बजेट फोनमध्ये तो फोनच्या किमतीच्या मोठ्या हिश्श्याला जाऊन भिडतो. म्हणून ब्रँड पक्का करण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या पिनकोडजवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर शोधा आणि तिथे फोन करून त्या मॉडेलच्या फोल्डरची आणि बॅटरीची किंमत विचारा. बऱ्याच कंपन्या ही किंमत वेबसाइटवरही देतात.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण सटाण्याच्या माणसाला दरवेळी नाशिक गाठावं लागलं, किंवा अहेरीच्या माणसाला चंद्रपूर, तर गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी धरून एका खेपेचा खर्चच डोईजड होतो. तालुक्याच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला विचारा, कुठल्या मॉडेलचे भाग पटकन मिळतात. त्याला विक्रीतून काही मिळायचं नसतं, आणि रोज उघडे फोन तोच बघतो. नवख्या ब्रँडचा, कागदावर सरस फोन आणि शेजारच्या गावात सेंटर असलेल्या ब्रँडचा थोडा साधा फोन यांत निवड करायची वेळ आली, तर लहान गावातल्या माणसाला मी दुसराच सुचवेन.

घेताना

२०२५ च्या शेवटापासून मेमरी चिप जगभर महागल्या, कारण एआयच्या डेटा सेंटरची मागणी प्रचंड वाढली आणि चिपचे कारखाने तिकडे वळले. त्याचा चटका स्वस्त फोनांना जास्त बसतो: किंमत तीच ठेवायची तर रॅम किंवा स्टोरेज कमी करावं लागतं. अशा काळात नवं मॉडेल मागच्या वर्षीच्या मॉडेलपेक्षा सरस असेलच असं धरून चालू नका, दोन्हींचे तपशील शेजारी ठेवून वाचा.

'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सवलत बरेचदा तुम्हाला मिळत नाही, प्रोसेसिंग फी वेगळी लागते आणि बँकेने आकारलेल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी पडतो. सगळं धरून शेवटचा आकडा किती, तो कागदावर लिहून मागा. बिल पक्कं घ्या आणि त्यावर आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, आहे ना ते पाहा. फोनवर *#०६# दाबलं की तो क्रमांक दिसतो. बॉक्सवरचा, बिलावरचा आणि स्क्रीनवरचा एकच हवा. जुना किंवा सील उघडलेला फोन घेत असाल तर केवायएम (KYM) ही तीन इंग्रजी अक्षरं, मोकळी जागा आणि मग आयएमईआय क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं. संचार साथी या सरकारी ॲपमध्येही हीच सोय आहे.

जुन्यातून नव्यात

ब्रँड बदलताना खरी पोटात गोळा आणणारी गोष्ट हीच असते, आणि तिला एक निवांत रविवार द्यावा. सर्वात आधी नंबर. कॉन्टॅक्ट ॲपमध्ये जाऊन नंबर कशात साठलेत ते पाहा: गुगल खात्यात, सिममध्ये, फोनमध्ये की कंपनीच्या खात्यात. गुगल सोडून जिथे असतील तिथून ते गुगल खात्यात हलवा. मग ते कुठल्याही ब्रँडच्या फोनवर आपोआप येतात.

व्हॉट्सॲपच्या गप्पा हलवायला सेटिंगमध्ये 'ट्रान्सफर चॅट्स' आहे. दोन्ही फोन शेजारी ठेवायचे, क्यूआर कोड दाखवायचा, गप्पा थेट नव्या फोनवर जातात. गुगल ड्राइव्हवर बॅकअप घेत असाल तर तो आता तुमच्या फुकटच्या १५ जीबीतच मोजला जातो. ते १५ जीबी फोटोंनी भरले असतील तर बॅकअप कित्येक महिन्यांपूर्वीच थांबलेला असू शकतो, तेव्हा शेवटच्या बॅकअपची तारीख वाचा.

जे आपोआप येत नाही त्यावर जास्त लक्ष हवं. सॅमसंगच्या सिक्युअर फोल्डर नावाच्या कुलूपबंद कप्प्यातलं किंवा इतर कंपन्यांच्या लपवलेल्या अल्बममधलं काही दुसऱ्या ब्रँडच्या फोनवर जात नाही, ते आधी बाहेर काढावं लागतं. कंपनीच्या नोट्स ॲपमधली उधारीची यादी, कॉल रेकॉर्डिंग, व्हॉइस रेकॉर्डरमधला आईचा आवाज, हे सगळं हाताने कॉपी करा, शक्यतो संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवरही. लॉगिनसाठी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर जुना फोन चालू असतानाच त्यातले कोड नव्यावर आणा, नंतर ते फार जिकिरीचं होतं.

यूपीआयसाठी बँकेत नोंदवलेलं सिम नव्या फोनमध्ये घालून नव्याने पडताळणी करावी लागते, त्यासाठी सिममधून एसएमएस जातो. म्हणजे रिचार्ज संपलेला असेल तर गाडी तिथेच अडते. फोन बदलल्यावर पहिले २४ तास ५,००० रुपयांची मर्यादाही लागू शकते. लग्नाच्या खरेदीच्या किंवा दवाखान्यात बिल भरायच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका.

जुना फोन लगेच एक्स्चेंजला देण्याची घाई नसेल तर दोन आठवडे तरी तसाच ठेवा. राहून गेलेल्या गोष्टी त्याच काळात आठवतात. देताना आधी सेटिंगमधून गुगल खातं काढा, मग कंपनीचं खातं काढा, हरवलेला फोन शोधणारी 'फाइंड डिव्हाइस' सोय बंद करा, आणि त्यानंतरच सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट मारून फोन कोरा करा. खातं न काढता थेट रिकव्हरीतून, म्हणजे बटणं दाबून उघडणाऱ्या मेनूतून, रीसेट केलं तर फोन चालू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि घेणाऱ्याला तो वापरता येत नाही. सिम आणि मेमरी कार्ड ट्रेमधून काढलं का ते बघा, आणि दुकानात देत असाल तर जुन्या फोनचा आयएमईआय लिहिलेली पावती मागून घ्या.